अक्षरांच्या अंगावरील खूण : अंकीय फॉन्टमधील परवाना-नोंदी आणि मराठी संहितेचे जतन

१. प्रास्ताविक

ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठामागील पानाला मराठी संशोधनात एक मान्य स्थान आहे. आवृत्ती, प्रकाशनवर्ष, मुद्रक, मुद्रणालय आणि स्वामित्वहक्काचा धनी या नोंदी तपासल्याशिवाय संहितेची चिकित्सा पुढे सरकत नाही, हे पाठचिकित्सेच्या प्राथमिक विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मात्र गेल्या तीन-चार दशकांत मराठी मजकूर ज्या साधनाने घडतो, साठवला जातो आणि वाचला जातो, त्या अंकीय फॉन्टच्या आतही असेच एक 'पान' असते, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. फॉन्ट कोणी घडवला, तो कोणाच्या मालकीचा आहे, तो कोणत्या अटींवर वापरता, वाटता किंवा बदलता येतो, ही माहिती फॉन्टच्या फाइलीतच नोंदवण्याची सोय असते. कधी ती नेमकेपणाने नोंदवलेली असते, कधी अपुरी असते, तर कधी मुळीच नसते.

ही बाब संगणकतज्ज्ञांच्या अखत्यारीतील आहे, असे मानून वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. मराठीतील शोधप्रबंध, नियतकालिकांचे अंक, कोश आणि ग्रंथांच्या संगणकीय प्रती पुढील पिढीला वाचता येतील की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांत या नोंदींचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात या नोंदींचे स्वरूप, त्यांचे कायदेशीर मोल आणि मराठी संहितेच्या जतनाशी असलेला त्यांचा संबंध यांचा विचार केला आहे. परवान्याची नोंद हा संहितेच्या प्रामाण्याचाच एक घटक आहे आणि अभ्यासकाने तिची दखल पुष्पिकेइतक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२. पूर्वपरंपरा : पुष्पिका, गद्धेगाळ आणि खिळ्यावरील खूण

वस्तूच्या अंगावरच तिच्याविषयीच्या अटी नोंदवण्याची रीत नवी नाही. हस्तलिखिताच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेत लेखकाचे नाव, स्थळ, शक, मिती आणि पुष्कळदा पोथी कोणासाठी लिहिली याचा उल्लेख असतो. पोथी जपून ठेवण्याची विनवणीही असते. शिलाहारकालीन दानलेखांवरील गद्धेगाळ हा त्याहून कठोर प्रकार होय. दान मोडणाऱ्यास दिलेली शापवाणी त्याच शिळेवर कोरलेली असल्याने दान आणि दानाची अट यांची ताटातूट होत नाही. झेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका अशा मजकुरांना संहितेचे उंबरठे मानून त्यांचा विचार मांडला. त्या विचारात पुष्पिकेलाही जागा मिळू शकते आणि फॉन्टमधील नोंदीलाही.

मुद्रणाच्या काळात मात्र अक्षरांच्या मालकीचे स्वरूप वेगळे होते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरांनी देवनागरी टाइपाला जे वळण दिले, ते महाराष्ट्रातील मुद्रणाच्या इतिहासात मानाचे पान आहे. टाइप फाउंड्रीतून विकत घेतलेला खिळा हा विकत घेणाऱ्याचा होई. त्याने कोणते पुस्तक छापावे, किती प्रती काढाव्या, झिजलेला खिळा वितळवावा की दुसऱ्या छापखान्याला विकावा, याविषयी फाउंड्रीचा कोणताही हक्क उरत नसे. शिशाच्या वजनावर चालणारा तो रोखीचा व्यवहार होता.

तरीही एक खूण त्या काळातही होती. पाश्चात्त्य फाउंड्र्यांच्या यंत्रावर ओतलेल्या खिळ्याच्या कुशीवर एक लहान गोल खळगा उमटे आणि काही फाउंड्र्या त्यात आपले चिन्ह किंवा टाइपाचा आकार नोंदवीत. छापलेल्या कागदावर ही खूण कधीच दिसत नसे. ती फक्त जुळाऱ्याच्या बोटांना आणि डोळ्यांना कळे. मजकुराबरोबर न छापली जाणारी, पण अक्षराच्या देहावर कायम असणारी ही खूण फॉन्टमधील परवाना-नोंदीची जवळची पूर्वज ठरते. फरक असा की खिळ्यावरील खूण केवळ 'हा कोणी ओतला' एवढेच सांगे, तर फॉन्टमधील नोंद 'याचे काय करता येईल' हेही सांगते. कारण अंकीय फॉन्ट बहुधा विकला जात नाही. तो वापरण्याची परवानगी दिली जाते. क्षणार्धात ज्याची हुबेहूब प्रत निघते, त्या वस्तूच्या बाबतीत खरेदीची जागा कराराने घेतली आहे.

३. फॉन्टच्या फाइलीतील नोंदींचे स्वरूप

ॲपलने १९९१ साली प्रचारात आणलेली ट्रूटाइप पद्धती आणि मायक्रोसॉफ्ट व अडोबी यांनी १९९६ साली जाहीर केलेली ओपनटाइप पद्धती यांवर आजचे बहुसंख्य देवनागरी फॉन्ट आधारलेले आहेत. या पद्धतीतील फाइल अनेक तक्त्यांची मिळून बनते. एका तक्त्यात अक्षरांच्या बाह्यरेषा, दुसऱ्यात त्यांच्या रुंदी, तिसऱ्यात जोडाक्षरांचे नियम अशी विभागणी असते. परवान्याच्या दृष्टीने त्यांतील दोन तक्ते महत्त्वाचे आहेत.

पहिला 'नेम' नावाचा तक्ता. यात माणसाने वाचावयाचा मजकूर असतो आणि प्रत्येक प्रकारच्या मजकुराला ठरावीक क्रमांक असतो. क्रमांक ० खाली स्वामित्वहक्काची सूचना, १ खाली फॉन्टकुलाचे नाव, ५ खाली आवृत्ती, ७ खाली व्यापारचिन्ह, ८ खाली निर्माती संस्था, ९ खाली अक्षररचनाकार, १३ खाली परवान्याचे वर्णन आणि १४ खाली परवान्याचा पूर्ण पाठ जेथे मिळेल तो पत्ता अशी योजना आहे. या तक्त्यातील प्रत्येक नोंदीला भाषेचाही क्रमांक जोडता येतो. विंडोजच्या गणनेत अमेरिकी इंग्रजीचा क्रमांक १०३३, हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२ आणि कोकणीचा ११११ आहे. म्हणजे फॉन्टचे नाव, रचनाकाराचे नाव आणि परवान्याचे वर्णन देवनागरी लिपीत, मराठी भाषेत, त्याच फाइलीत नोंदवण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. ही सोय वापरली जावी, असा आग्रह धरणे हे मराठीच्या अभ्यासकांचे काम आहे.

दुसरा तक्ता 'ओएस-टू' या नावाने ओळखला जातो. त्यातील एका छोट्या रकान्यात, दस्तऐवजात फॉन्ट अंतर्भूत करण्याविषयीची परवानगी अंकरूपात असते. हा अंक माणसासाठी नसून प्रोग्रामसाठी असतो. ० म्हणजे फॉन्ट दस्तऐवजाबरोबर जाऊन दुसऱ्या संगणकावर कायमचा बसवताही येईल. २ म्हणजे हक्कधारकाच्या स्वतंत्र अनुमतीशिवाय अंतर्भूत करता येणार नाही. ४ म्हणजे केवळ पाहण्या-छापण्यापुरता अंतर्भूत करता येईल. ८ म्हणजे दस्तऐवजाचे संपादन करण्यापुरताही चालेल. याखेरीज २५६ हा अंक, फॉन्टातील निवडक अक्षरेच वेगळी काढून अंतर्भूत करण्यास मनाई असल्याचे दर्शवतो.

वेब पृष्ठांसाठी तयार झालेल्या वॉफ या पद्धतीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता दिली. तीत एक स्वतंत्र माहिती-विभाग ठेवण्याची मुभा आहे. श्रेयनामावली, स्वामित्वहक्क, परवाना आणि परवानाधारकाचे नाव यांसाठी त्यात वेगवेगळ्या जागा असून परवान्याचा मजकूर एकाहून अधिक भाषांत देता येतो. या विभागाच्या असण्या-नसण्याचा फॉन्टच्या दिसण्यावर परिणाम होता कामा नये, असेही त्या मानकात नमूद आहे. म्हणजे हा विभाग निव्वळ माहितीसाठी आहे.

४. सूचना आणि कुलूप

वरील वर्णनावरून एक मूलभूत भेद स्पष्ट होतो. नोंद सांगते, अडवत नाही. या भेदावर अमेरिकेत न्यायालयीन वादही झाला. अडोबीच्या ॲक्रोबॅट ५ या प्रोग्राममध्ये अंतर्भूत फॉन्ट वापरून दस्तऐवजात मजकूर भरता येत असे, आणि यामुळे परवानगीदर्शक अंकाचा भंग होतो असा ॲग्फा मोनोटाइपचा दावा होता. इलिनॉय राज्यातील संघीय न्यायालयाने २००५ साली तो मान्य केला नाही. असा अंक स्वतःहून काहीच रोखत नाही. तो वाचून त्याप्रमाणे वागणे हे प्रोग्रामवर अवलंबून असते. म्हणून तो कायद्याच्या अर्थाने प्रवेशनियंत्रणाचे साधन ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. गद्धेगाळ जसा दान मोडणाऱ्याचा हात धरत नाही, तसाच हा प्रकार होय. मात्र निर्बंध मोडता येतो म्हणून तो अस्तित्वातच नाही, असा अर्थ यातून निघत नाही.

अक्षररूपाच्या मालकीचा प्रश्न यापूर्वीच वेगळ्या मार्गाने गेला होता. अक्षराच्या निव्वळ आकारावर स्वामित्वहक्क मागता येत नाही, ही अमेरिकी भूमिका एल्ट्रा विरुद्ध रिंगर या १९७८ च्या निवाड्यात दिसते. त्यानंतर १९९८ साली अडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर या खटल्यात फॉन्टची फाइल संगणकीय प्रोग्राम म्हणून संरक्षणास पात्र ठरली. आकार मोकळा, पण तो आकार उमटवणारी आज्ञावली संरक्षित, अशी ही विभागणी आहे.

भारतीय कायद्याच्या संदर्भात वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक तपशील विशेष रोचक वाटेल. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील 'साहित्यकृती' या संज्ञेच्या व्याख्येत संगणकीय प्रोग्रामचा समावेश आहे; १९८४ च्या दुरुस्तीने तो प्रथम झाला. फॉन्टची फाइल प्रोग्राम मानली, तर कायद्याच्या लेखी ती कादंबरी आणि काव्यसंग्रह यांच्या पंक्तीतील साहित्यकृतीच ठरते. जी 'साहित्यकृती' इतर साऱ्या साहित्यकृतींना दृश्य रूप देते, तिची शीर्षकपृष्ठे मात्र कोणी उघडून पाहत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात दोन कलमे आली. कलम ६५-अ हे तांत्रिक संरक्षण-उपाय मोडण्याविषयी, तर कलम ६५-ब हे हक्क-व्यवस्थापनाच्या माहितीविषयी आहे. कृतीची ओळख पटवणारे शीर्षक, कर्त्याचे नाव, हक्कधारकाचे नाव व पत्ता, वापराच्या अटी आणि या माहितीचे प्रतिनिधित्व करणारे अंक अथवा संकेत यांचा अशा माहितीत अंतर्भाव होतो. ती माहिती जाणूनबुजून, अधिकाराशिवाय काढून टाकणाऱ्यास किंवा बदलणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी तरतूद आहे. 'नेम' तक्त्यातील ०, ९, १३ आणि १४ या क्रमांकांच्या नोंदी या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. सूचना आणि कुलूप यांतील जो भेद फाइलीच्या रचनेत आढळतो, तोच भारतीय विधिमंडळाने दोन स्वतंत्र कलमांत मान्य केला आहे, असे म्हणता येईल. दुसऱ्याच्या फॉन्टचे नाव बदलून आणि त्यातील सूचना पुसून तो आपल्या नावाने वाटणे ही केवळ अनौचित्याची बाब राहिलेली नाही.

५. मुक्त परवाना आणि मराठीची गरज

एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सची १.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोलस स्पॅलिंगर हे तिचे कर्ते. फॉन्ट वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा हा परवाना देतो. फॉन्ट केवळ स्वतंत्रपणे विकता येत नाही. प्रत्येक प्रतीसोबत स्वामित्वहक्काची सूचना आणि परवाना असलाच पाहिजे, ही त्याची एक अट आहे. ही माहिती वेगळ्या मजकूर-फाइलीत देता येते किंवा फॉन्टच्या आतील योग्य रकान्यांतही देता येते. मात्र वापरणाऱ्याला ते रकाने सहज पाहता आले पाहिजेत, असे बंधन आहे. या फॉन्टांत तयार केलेल्या दस्तऐवजांना हा परवाना लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या मजकुरावरील हक्कास बाधा येत नाही.

परवाने बदलतातही. लोहित देवनागरी हा फॉन्ट प्रारंभी जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली उपलब्ध होता. २०११ साली तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. गूगलच्या नोटो मालिकेतील फॉन्टही अपाचे परवान्यातून २०१५ साली याच परवान्याकडे वळले. परिणामी एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन प्रती दोन वेगळ्या परवान्यांखाली फिरत असतात. अशा वेळी आपल्या हाती असलेल्या प्रतीला कोणत्या अटी लागू आहेत, याचा जवळचा पुरावा त्या प्रतीच्या पोटातच असतो : क्रमांक ५ खालील आवृत्ती आणि क्रमांक १३ खालील वर्णन एकत्र वाचावे लागते. पाठचिकित्सेत प्रतींची वंशावळ लावताना जी दृष्टी लागते, तीच येथे उपयोगी पडते. दोन्ही तक्त्यांत विसंगतीही आढळू शकते. १३ व्या क्रमांकाखाली मुक्त परवाना आणि परवानगीदर्शक रकान्यात मात्र निर्बंधाचा अंक, अशी स्थिती असल्यास माणूस परवाना वाचून पुढे जाईल, पण प्रोग्राम अंक वाचून थांबेल. म्हणूनच गूगल फॉन्ट्ससारख्या संग्रहात हा अंक ० असण्याचा आग्रह धरला जातो.

मराठीच्या दृष्टीने बदलाच्या मुभेला विशेष मोल आहे. देवनागरी ही मराठीची लिपी असली तरी अनेक फॉन्टांतील मूळ वळण हिंदीच्या वापरानुसार असते. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या शासन निर्णयाने देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' या मराठी वळणांचा पुरस्कार केला आहे. ही वळणे आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांतील विशिष्ट रफार फॉन्टमध्ये नसतील, तर ती कोणी आणि कोणत्या अधिकाराने घालावयाची, हा प्रश्न उभा राहतो. ओपनटाइप पद्धतीत मराठीसाठी स्वतंत्र भाषा-संकेत असून त्याद्वारे मजकुराची भाषा मराठी असल्यास वेगळी अक्षररूपे पुढे आणता येतात. टायरो देवनागरीसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टकुलात मराठी, हिंदी व संस्कृत यांच्यासाठी स्वतंत्र फॉन्टच आहेत. परंतु ज्या फॉन्टांत अशी सोय नाही, त्यांत ती करण्याचा हक्क परवान्यातूनच येतो. ओपन फॉन्ट लायसन्स तो देतो. मात्र मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास सुधारलेल्या फॉन्टला दुसरे नाव द्यावे लागते. संपादकाने संहितेत फेरफार केल्यास तो मूळ कर्त्याच्या माथी मारू नये, या संपादनशास्त्रातील जुन्या दंडकाशी हा नियम मिळताजुळता आहे.

६. जुने फॉन्ट आणि वाचनीयतेचा प्रश्न

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ सालीच, देवनागरीला स्थान मिळाले. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ मराठी अक्षरजुळणी वेगवेगळ्या संचांतील परस्परांशी न जुळणाऱ्या फॉन्टांत होत राहिली. या फॉन्टांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. त्यामुळे फाइलीत प्रत्यक्षात साठे तो रोमन चिन्हांचा क्रम. त्याला मराठी रूप येई ते केवळ त्या विशिष्ट फॉन्टमुळे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कथा, कविता, प्रबंध सारेच निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येते.

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद केले होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यानंतरच मराठीच्या आद्य गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. महानुभावांनी हेतुपूर्वक जे केले, ते या फॉन्टांनी कोणाचा हेतू नसताना केले. किल्ली हरवली की संहिता मुकी होते, हा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. येथे किल्ली म्हणजे फॉन्ट होय, आणि ती किल्ली जवळ ठेवण्याचा, तिची प्रत काढण्याचा, ग्रंथालयात ती जमा करण्याचा अधिकार कोणाला, हे सांगणारी नोंद म्हणजे परवाना होय. त्या काळी काही संचांबरोबर संगणकाला जोडावयाचे हार्डवेअर कुलूप येई. ज्या जोडणीत ते बसवावयाचे, ती नव्या संगणकांवर उरलेली नाही. कुलूप निकामी झाले, पण करार कायम आहे.

हस्ते परहस्ते फिरलेल्या फॉन्टांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांच्या 'नेम' तक्त्यात कर्त्याच्या नावाऐवजी फॉन्ट बनवण्याच्या प्रोग्रामने आपोआप घातलेले एखादे वाक्य असू शकते, किंवा रकाना रिकामाच असतो. परवान्याचा अभाव म्हणजे मोकळीक, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. भारतीय कायद्यानुसार अनामिक कृतीवरील हक्कही प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निनावी फॉन्टवरील हक्क या हिशेबाने २०५५ च्या अखेरपर्यंत चालेल. कर्ता सापडत नसलेल्या कृतीसाठी कलम ३१-अ अन्वये परवाना मागता येतो, पण त्यासाठी वृत्तपत्रीय जाहिरातीपासूनची सारी प्रक्रिया करावी लागते. ग्रंथालयाला जतनासाठी कृती संगणकीय रूपात साठवण्याची जी सवलत कलम ५२ मध्ये आहे, तिच्यात त्या कृतीची असंगणकीय प्रत ग्रंथालयाकडे असणे गृहीत धरले आहे. जन्मतःच संगणकीय असलेल्या फॉन्टची अशी प्रत कोठून आणावयाची? नाव न नोंदवलेला फॉन्ट अशा रीतीने कोणाचाच नसून सर्वांना बंद राहतो.

शोधप्रबंधांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले आणि 'शोधगंगा' या भांडारात मराठी प्रबंध जमा होऊ लागले. दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली निश्चित झालेल्या पीडीएफ-ए या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दस्तऐवजातील फॉन्ट त्यातच अंतर्भूत असावे लागतात. शिवाय सार्वत्रिक व अमर्याद वापरासाठी कायदेशीररीत्या अंतर्भूत करता येतील असेच फॉन्ट त्यासाठी चालतात. निर्बंधदर्शक २ हा अंक असलेल्या फॉन्टमध्ये प्रबंध जुळवला, तर त्या अंकाचा मान राखणारा प्रोग्राम फॉन्ट अंतर्भूत करीत नाही आणि वाचकाच्या संगणकावर दुसराच फॉन्ट त्याची जागा घेतो. युनिकोड मजकुराच्या बाबतीत यामुळे केवळ वळण बदलेल. जुन्या संकेतांतील मजकुराच्या बाबतीत संपूर्ण प्रबंधच वाचनाबाहेर जाईल. पाच-सात वर्षांच्या परिश्रमाचे फलित फाइलीतील एका अंकामुळे असे निरुपयोगी होऊ शकते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. पीडीएफमध्ये फॉन्टातील केवळ वापरलेली अक्षरे अंतर्भूत केली जातात, तेव्हा 'नेम' तक्ता बहुधा गाळला जातो. सहा रोमन अक्षरांचा उपसर्ग लावलेले फॉन्टचे नाव तेवढे शिल्लक राहते. अक्षरे पुढे जातात. त्यांची पुष्पिका मागे राहते. म्हणून फॉन्टच्या पोटातील नोंद कितीही परिपूर्ण असली, तरी ग्रंथाच्या किंवा प्रबंधाच्या मुद्रणविषयक पानावर ती शब्दांत पुन्हा लिहिण्याची आवश्यकता संपत नाही.

७. अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने काही सूचना

संगणकीय मराठी संहितेचे वर्णन करताना पुढील गोष्टींची नोंद घेणे इष्ट ठरेल. पहिली, मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या संचातील संकेतांत. दुसरी, फॉन्टचे पूर्ण नाव व आवृत्ती. तिसरी, कर्ता, निर्माती संस्था आणि स्वामित्वहक्काची सूचना. चौथी, परवान्याचे नाव व आवृत्ती. पाचवी, अंतर्भूत करण्याविषयीचा अंक, आणि तो परवान्याशी सुसंगत आहे किंवा नाही. विंडोजमध्ये फॉन्ट-फाइलीच्या गुणधर्मांत आणि मॅकवरील फॉन्ट बुक या प्रोग्राममध्ये यांतील बरीच माहिती पाहता येते. उरलेली माहिती फॉन्ट-संपादनाच्या मुक्त प्रोग्रामांत उघडून वाचता येते. ग्रंथसूचीच्या नोंदीत याला दोन-तीन ओळींहून अधिक जागा लागणार नाही.

प्रबंध-मार्गदर्शकाने ही तपासणी प्रबंध सादर करण्याच्या वेळी न करता अक्षरजुळणी सुरू होण्यापूर्वी करवून घ्यावी; नंतर फॉन्ट बदलल्यास पृष्ठांकन, तळटीपा आणि सूची सारेच हलते. ग्रंथालयांनी जुन्या संचांतील फाइली स्वीकारताना फॉन्टची खरेदी-पावती अथवा परवानापत्र यांची प्रतही मागून घ्यावी, आणि शक्य तेथे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मूळ फाइलही जपावी. रूपांतरात रफार, जोडाक्षरे व नुक्ता यांचे पाठ बिघडण्याचा संभव असतो; तेव्हा मूळ प्रत हीच पडताळणीची अंतिम कसोटी राहते. सार्वजनिक निधीतून नवे मराठी फॉन्ट तयार होतील तेव्हा त्यांच्या 'नेम' तक्त्यात मराठी भाषा-क्रमांकाखाली मराठी नोंदी असाव्यात, अशी मागणी विद्यापीठीय मराठी विभागांनी करावी. परवान्याचा इंग्रजी पाठ कायद्यासाठी असला, तरी त्याचा आशय वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत कळणे, हाच 'सहज पाहता येणे' या अटीचा खरा अर्थ होय.

८. निष्कर्ष

फॉन्टमधील परवाना-नोंद ही चोरी अडवणारी यंत्रणा नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. तिचे कार्य पुष्पिकेचे आहे : कर्ता, प्रत आणि अट यांना वस्तूपासून अलग होऊ न देणे. जेथे ही नोंद शाबूत आहे, तेथे फॉन्ट सुधारता येतो, जपता येतो, त्यातील मजकूर निर्वेधपणे पुढे नेता येतो. जेथे ती पुसली गेली किंवा कधी लिहिलीच गेली नाही, तेथे अक्षरे डोळ्यांसमोर असूनही त्यांच्यावर कोणाचा अधिकार सांगता येत नाही. मराठी मुद्रणाच्या इतिहासाची साधने गोळा करताना शिळाप्रेस आणि खिळे यांची चर्चा होते, तशीच यापुढे फॉन्टच्या या आतील पानांचीही व्हावयास हवी. विसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी संगणकीय मजकुराची साधने अद्याप पुष्कळ अंशी हाती आहेत आणि ते फॉन्ट घडवणारे व वापरणारे अनेक जण माहिती देण्यास उपलब्ध आहेत. ही नोंद करण्यास अनुकूल असलेला काळ हाच आहे.